लयकुलूप

मुलांनो, एक कॉलेज डोळ्यांसमोर आणा. येरळा नदीच्या काठी, तालुक्याच्या गावात. पुढे दगडी बांधणीची जुनी इमारत, मागे काचेच्या भिंतींचा नवा मजला, आणि मधल्या पटांगणात विजेवरच्या सायकलींची रांग. काळ फार लांबचा नको. तुमच्यातले जे आज चौथी-पाचवीत आहेत, ते तेव्हा याच कॉलेजात शिकायला आलेले असतील, एवढाच पुढचा. आलं डोळ्यांसमोर? मग आता तिथल्या ऑफिसात शिरू.

ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला कुलूप आहे. ते उघडायला गुप्त शब्द लागतो. तुमच्या घरीही असतो तो, पासवर्ड. गुप्त शब्द कुणाला सांगायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्या ऑफिसालाही ठाऊक होतं. तरी भूगोलाच्या सरांचा पासवर्ड त्यांच्या कीबोर्डाखाली चिकटवलेला असे, ग्रंथपालांचा दिनदर्शिकेच्या पाठीमागे. प्राचार्य निकम तर केबिनमधूनच हाक मारायचे, "घाडगे मॅडम, आपला या महिन्याचा काय आहे हो?"

याला नुसता आळस म्हणू नका. कुणाची सासू दवाखान्यात असायची, कुणाच्या पोराचं लग्न असायचं. एक जण गेला की दुसरा त्याच्या जागी बसून त्याचं काम उरकायचा. त्यासाठी त्याची किल्ली माहीत हवी. एकमेकांना सांभाळून घेणं हा त्या ऑफिसचा धर्म होता, आणि पासवर्ड हा त्या धर्मातला प्रसाद. सगळ्यांना वाटायचा.

मग दुसऱ्या एका जिल्ह्यात, असाच चिकटवलेला पासवर्ड वाचून कुणीतरी अख्ख्या वर्गाचा निकाल बदलला. वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाला. आपल्या कॉलेजच्या संस्थाचालकांनी हाय खाल्ली आणि पुण्याच्या एका कंपनीकडून लयकुलूप आणलं.

हे कुलूप समजून घ्यायला सोपं आहे. कीबोर्डाची कळ दाबताना बोट तिच्यावर क्षणभर टेकतं, मग उडून पुढच्या कळेवर जातं. ही टेक आणि ही उडी, दोन्ही पापणी लवायच्या आत उरकतात. पण माणसामाणसांत त्यांची मापं वेगळी असतात. कुणाची करंगळी रेंगाळते, कुणाचा अंगठा घाई करतो. जिन्यावरची पावलं ऐकून घरात कोण आलं हे तुम्ही न बघता सांगता ना? पूर्वी तारायंत्र होतं, तेव्हा नुसत्या कटकटीवरून तारमास्तर ओळखायचे की पलीकडच्या गावात आज कोण बसलंय. लयकुलूप तेच करतं. पडद्यावर एक उतारा येतो, तुम्ही तो टाइप करता, आणि चार ओळींत यंत्र तुम्हाला ओळखतं. लक्षात ठेवायला काही नाही आणि चोरायलाही काही नाही. बोटं काय कुणी उसनी नेणार आहे?

सुरुवातीला सगळे खूश होते. मग हिशेबनीसांचं बोट विळीवर कापलं आणि यंत्र त्यांना ओळखेना. इतिहासाच्या सरांचा भाऊ गेला. तेरावं उरकून ते कामावर आले, तर पडद्यावर अक्षरं उमटली, 'आपली ओळख पटत नाही.' सर बराच वेळ तसेच बसून राहिले. आणि एकमेकांच्या जागी बसणं तर बंदच झालं. सासू आजारी असो नाहीतर पोर, ज्याचं काम त्यानंच करायचं.

परीक्षा विभागात सुवर्णा घाडगे काम करायची. तिची मुलगी जुई, अकरा वर्षांची. शाळा कॉलेजला लागूनच होती, त्यामुळे सुटल्यावर जुई ऑफिसात यायची आणि आईचं काम संपेपर्यंत कोपऱ्यात अभ्यास करायची. बाबा नव्हते. ती तीन वर्षांची असताना ते अपघातात गेले. त्यांच्या जागी, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागी, उज्जूमावशी होती.

उज्ज्वला माने शिष्यवृत्ती विभागात, पण टेबल सुवर्णाच्या टेबलाला लागून. ती आणि सुवर्णा नात्यानं कुणी नव्हत्या. लग्नाआधी दोघी गावातल्या तांबोळी सरांच्या टायपिंग क्लासात शेजारी बसायच्या. टाइपरायटरवर शिकलेली ती शेवटची पोरं. पुढच्याच वर्षी यंत्रं भंगारात गेली. सर टेबलावर लाकडी पट्टीनं ठेका धरायचे आणि वीस यंत्रं त्या ठेक्यावर एकदम वाजायची. ज्याचा ठोका मागेपुढे पडेल त्याच्या खुर्चीमागे सर येऊन उभे राहायचे. ओरडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. पुरे असायचं तेवढं.

त्या वर्षी श्रावणात जुईला ताप चढला. सुवर्णा तिला घेऊन दवाखान्यात धावली आणि सलाईन लागल्यावर तिला आठवलं, की विद्यापीठाला गुण पाठवायची आज शेवटची वेळ आहे. पाठवले नाहीत तर अख्ख्या वर्गाचा निकाल अडकणार. तिनं उज्ज्वलाला फोन केला. उपयोग नाही हे माहीत असून केला, जुन्या सवयीनं.

थोड्या वेळानं उज्ज्वलाचा उलटा फोन आला. आवाज इतका बारीक, की कॉटवर पडलेल्या जुईलाही कान द्यावा लागला.

"सुवर्णे, मी सहज बसून बघितलं. उघडलं गं. तुझ्या नावानं उघडलं."

"काय सांगतेस?"

"गुण पाठवले. तू पोरीकडं बघ."

त्या दिवसात पहिल्यांदा आई हसली. फोन ठेवून तिनं जुईच्या कपाळावर हात ठेवला. "हे आपल्या तिघींतच राहू दे हं. यंत्राला आम्ही दोघी एकच वाटतो. कळलं तर ही सोय काढून घेतील."

बघा बरं, कुलपाला भोक आहे हे कळल्यावर माणसानं काय करावं? ज्यानं कुलूप बसवलं त्याला सांगावं. सुवर्णाला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला ते भोक वाटलंच नाही. बंद पडलेली जुनी वाट पुन्हा मोकळी झाली, असं वाटलं.

दिवाळीनंतर ते घडलं.

अर्थशास्त्राचे साळुंखे सर भर दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरले. त्यांच्या विषयाचे अंतर्गत गुण त्यांनी पडद्यावर सहज बघितले होते. एका मुलानं प्रकल्प दिलाच नव्हता, म्हणून सरांनी त्याला शून्य दिलं होतं. तिथं आता चौदा होते. मुलाचं नाव वेदांत माने. उज्ज्वलाचा मुलगा.

यंत्राची नोंद स्पष्ट होती. बदल परीक्षा विभागातल्या संगणकावरून झाला, आणि बोटं सुवर्णा घाडगेंची. त्या वेळी ती तळघरातल्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावत होती; पण एकटी होती. विभागातला कॅमेरा लयकुलूप आल्यावर काढून ग्रंथालयात लावला होता. एवढं कुलूप असताना राखणदार कशाला?

केबिनमध्ये दोघींना समोरासमोर बसवलं. जुई बाहेरच्या बाकावर होती. दार नीट लागत नसे.

"घाडगे मॅडम, तुमची मैत्री सगळ्या गावाला माहीत आहे," प्राचार्य निकम म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता. "मैत्रिणीच्या मुलासाठी जीव तुटला असेल. मी समजू शकतो. पण हा गुन्हा आहे."

"मी केलं नाही, सर."

"मग कुणी केलं? तुमच्या बोटांनी?"

निकम दुसऱ्या खुर्चीकडे वळले.

"माने मॅडम, तुम्ही यांना काही सांगितलं होतं?"

मग उज्ज्वलाचा आवाज आला, सपाट. "नाही सर. मी सुवर्णाला कधीच काही करायला सांगितलं नाही."

बाहेर जुईनं ते ऐकलं. मावशी खोटं बोलली नव्हती. शब्दन् शब्द खरा होता. पण एवढं खरं बोलून कुणी एवढं लपवू शकतं, हे जुईला तोवर माहीत नव्हतं.

सुवर्णाला घरी बसवलं. कंपनीचा माणूस येऊन नोंद तपासेल, मग पोलिसांत तक्रार जाईल, असं ठरलं.

घरी आई नेहमीसारखी भाकरी थापत होती. जुई ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, तू सांगत का नाहीस?"

"काय सांगू?"

"मावशीनं केलं ते."

सुवर्णानं तव्यावरची भाकरी उलटली. "तुझे बाबा गेले तेव्हा मी आठ दिवस अंथरुणातून उठले नव्हते. तुला कुणी जेवू घातलं, आठवतं?"

"म्हणून तिनं काहीही करायचं?"

"नाही." ती थांबली. "पण ती येईल. तिची ती येऊन सांगेल. मी सांगितलं तर ते चोरी पकडणं झालं. आणि जुई, ते भोक मलाही माहीत होतं. मीही तोंड मिटूनच बसले ना? उज्जूचं नाव तुझ्या तोंडून यायचं नाही. शपथ नको, नुसतं हो म्हण."

जुई हो म्हणाली.

पण उज्ज्वला आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. रस्त्यावर चप्पल वाजली की आईचे हात थांबायचे, आणि पावलं पुढे गेली की पुन्हा चालू व्हायचे. गल्लीतल्या बायका दूध घ्यायला बाहेर आल्या की बोलणं मध्येच तुटायचं. शाळेत एका मुलीनं विचारलं, "तुझी आई जेलात जाणार का गं?" नुसतं विचारलं, चिडवलंही नाही. त्यानं जास्त लागलं.

चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उज्जूमावशी दिसली. बहुतेक वाट बघत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आई काही बोलली का गं?" तिनं विचारलं.

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. तुझी वाट बघतेय."

उज्ज्वला म्हणाली, "वेदांतला नोकरीचं बोलावणं आलंय. पास नाही झाला तर..." आणि वाक्य तिथंच टाकून भराभर चालायला लागली.

कंपनीचा माणूस म्हणून आली ती अनुजा नावाची एक ताई. पाठीवर पिशवी, पायात चिखलानं माखलेले बूट. आईला चौकशीला बोलावलं होतं, म्हणून जुईही गेली. प्राचार्य यायला वेळ होता. अनुजाताई आपला संगणक उघडून बसली होती आणि पडद्यावर हिरव्या-निळ्या उभ्या रेघा सरकत होत्या.

"हे काय आहे?" जुईनं विचारलं.

"या आईच्या बोटांच्या टेकी, आणि या उड्या." ताईनं खुर्ची सरकवून जागा केली. "या ओळीत बघ, रेघा किती सारख्या अंतरावर आहेत. अशी बोटं मी आजवर पाहिली नाहीत. घड्याळच."

"अशीच दुसऱ्या कुणाची असली तर?"

"नसतात. पाच लाख लोकांवर तपासलंय आम्ही."

जुई रेघांकडे बघत राहिली. कुणाचं नाव घ्यायचं नाही असं तिनं कबूल केलं होतं. प्रश्न विचारायचा नाही असं काही ठरलं नव्हतं.

"त्या पाच लाखांत तांबोळी सरांच्या क्लासातले किती होते?"

"कोण तांबोळी सर?"

मग जुईनं सांगितलं. पट्टीचा ठेका, वीस यंत्रं, खुर्चीमागे उभं राहणं. अनुजाताई ऐकता ऐकता पुढे झुकली. तिची पाच लाख माणसं आपापली, मोबाइलवर अंगठे मारत शिकलेली होती. प्रत्येकाची खोड वेगळी, म्हणून प्रत्येकाची लय वेगळी. कुणीतरी ठोक्यावर बसवून खोड्या घासून काढलेली माणसं यंत्राला कधी दाखवलीच नव्हती. आणि यंत्राला जे दाखवलं नाही, ते जगात नाहीच असं ते धरून चालतं. माणसंही बऱ्याचदा तसंच करतात.

"सर," प्राचार्य आल्यावर ती म्हणाली, "मला एक चाचणी घ्यायची आहे. त्या क्लासातले जे सापडतील त्यांना बोलवा."

"यंत्र चुकत नाही असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो. आता तेच तपासायचंय."

शनिवारी संगणक कक्षात चौघं जमली. बँकेतल्या एक बाई, दाखल्यांचं केंद्र चालवणारे एक काका, पलीकडच्या शाळेतले लिपिक. आणि उज्ज्वला माने. तीही त्याच क्लासातली, त्यामुळे बोलावणं तिलाही गेलं होतं. ती आली नसती तरच लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. सुवर्णा भिंतीशी बसली होती. जुई तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी.

सुवर्णाच्या नावाचं कुलूप पडद्यावर होतं. खाली उतारा, आपल्या जिल्ह्यातल्या पाऊसमानावरचा. बँकेतल्या बाई बसल्या. सुरुवात छान झाली, मग लय सैल पडली. 'आपली ओळख पटत नाही.' काका बसले. ते आता दोनच बोटांनी टाइप करायला सरावले होते, त्यांनाच हसू आलं. "सर असते तर मागं उभे राहिले असते," ते म्हणाले. शाळेतले लिपिक बसले. यंत्र थोडं घुटमळलं. 'आपली ओळख पटत नाही.'

अनुजाताईचा चेहरा उतरला. काय झालं होतं ते तिला आता दिसत होतं. इतक्या वर्षांत प्रत्येक जण आपापल्या वाटेनं गेला होता आणि ठेका विरून गेला होता. तो टिकायचा तर सरांच्या क्लासानंतरही कुणाच्या तरी शेजारी बसून रोज टाइप करत राहायला हवं होतं.

"माने मॅडम," ती म्हणाली.

उज्ज्वला खुर्चीवर बसली. पदरानं हात पुसले. आणि टाइप करायला लागली.

जुईनं आजवर मावशीला शेकडो वेळा टाइप करताना पाहिलं होतं. मावशी बोलायची, हसायची, खिडकीबाहेर बघायची. बोटं आपली चालूच. कीबोर्डकडे तिनं कधी बघितलं नव्हतं, सरांच्या क्लासातलं कुणीच बघायचं नाही. आज ती मान खाली घालून एकेक कळ शोधत होती. एखादी जोरात, एखादी उशिरा.

'आपली ओळख पटत नाही.'

जुईनं आईकडे बघितलं. आईनं ते पाहिलं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त आपल्या दोन्ही मुठी मांडीवर मिटल्या.

"झालं तर मग," प्राचार्य उठले. "मी तक्रारीचं बघतो."

"सर, थांबा ना," जुई म्हणाली.

सगळे वळले. अकरा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या कामात बोलायचं नसतं, हे तिला माहीत होतं. तरी ती बोलली.

"आई आणि मावशी क्लासात एकट्या नव्हत्या बसत. शेजारी बसायच्या."

"जुई," आई हळूच म्हणाली.

पण जुईनं आईच्या शेजारची रिकामी खुर्ची आधीच धरली होती. ती लोखंडी होती आणि जड होती. फरशीवर करकरत तिनं ती ओढत नेली, मावशीच्या खुर्चीला लावून ठेवली, समोर शेजारच्या संगणकाचा कीबोर्ड सरकवला आणि बाजूला झाली. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाकडे बोट दाखवलं नाही.

अनुजाताईच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "सर, दोन मिनिटं," ती म्हणाली.

तिला जे आठवलं ते तुम्हालाही सांगून ठेवतो. एकाच फळीवर दोन लंबकाची घड्याळं टांगली, तर काही वेळानं त्यांचे लंबक एकमेकांशी जुळून हलू लागतात. सभागृहात टाळ्या सुरू होतात विखुरलेल्या, आणि बघता बघता एका ठोक्यावर येतात. जोडीनं चालणाऱ्यांची पावलं न ठरवता जुळतात. जवळजवळ असलेल्या लयी एकमेकींना ओढतात. वेगळं राहायचं तर सतत ताकद लावावी लागते.

सुवर्णा उठून उज्ज्वलाशेजारी बसली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. अनुजाताईनं शेजारच्या संगणकावरही तेच कुलूप लावलं आणि दोन्ही पडद्यांवर उतारा आला.

पहिली ओळ वेडीवाकडी गेली. सुवर्णाची बोटं पावसासारखी सरळ पडत होती आणि उज्ज्वलाची अडखळत, ठेचकाळत. दोन आवाज, भांडल्यासारखे. दुसऱ्या ओळीत उज्ज्वलाची मान वर आली. तिला घाम फुटला होता. मध्येच एक शब्द दोघींनी एकदम संपवला. मग पुन्हा फाटाफूट. आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यावर खोलीतला दुसरा आवाज नाहीसा झाला. थांबला नव्हता. पहिल्यात मिसळला होता. वीस बोटं चालली होती आणि ऐकायला एकच ठेका येत होता.

तो उज्ज्वलाला आवरता आवरेना, की तिनं आवरायचाच सोडून दिला, हे जुईला पुढे मोठी झाल्यावरही कधी कळलं नाही.

दोन्ही पडद्यांवर एकदमच अक्षरं उमटली. 'नमस्कार, सुवर्णा घाडगे.'

उज्ज्वलानं हात उचलले आणि ओच्यात घेतले.

"मीच केलं, सर," ती म्हणाली. "चौदा गुण. शेकडो आकड्यांत दिसायचे नाहीत असं वाटलं. तिच्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा..." ती सुवर्णाकडे वळली. "तेव्हा मी घाबरले गं."

सुवर्णा समोर पडद्याकडेच बघत होती. "यंत्राला आम्ही एक वाटतो हे मला श्रावणापासून माहीत होतं, सर," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं. तेवढा दोष माझा लिहा."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग एकेक गोष्ट ठरत गेली. वेदांतचे गुण पुन्हा शून्य. घाडगे मॅडमवरचा आरोप रद्द. पण माहिती लपवल्याबद्दल लेखी खुलासा द्यायचा. माने मॅडमनी संस्थेचा निर्णय होईपर्यंत कामावर यायचं नाही. अनुजाताईनं सगळ्या कॉलेजचं लयकुलूप त्याच दिवशी बंद केलं. पासवर्ड परत आले. त्या दिवशी तरी कुणी कुणाला आपला सांगितला नाही.

उज्ज्वलानं शिष्यवृत्ती विभागातला आपला खण आवरला. डबा, चष्म्याचं घर, देवाचा छोटा फोटो, वेदांतचा लहानपणचा एक फोटो, सगळं एका कापडी पिशवीत भरलं आणि ती जिना उतरली. वाटेतले लोक बाजूला होत होते, ते वाट देण्यासाठी नव्हे.

सुवर्णा वरच्या खिडकीत उभी होती. तिनं हाक मारली नाही. मारावीशी वाटत नव्हती असंही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. जुई तिच्याजवळ गेली आणि वाट बघत थांबली. जा म्हणेल, किंवा नको जाऊस म्हणेल. आई दोन्हींतलं काहीच म्हणाली नाही. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग जुई एकटीच जिना उतरून पळत सुटली.

उज्ज्वला घरची एसटी धरायला फाटकाबाहेर पडत होती. मागून पावलं ऐकून ती थांबली, पण वळली नाही.

"आईनं पाठवलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्या एका शब्दानं मावशीला केवढा धीर आला असता, हे जुईला कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "माझी मी आले."

उज्ज्वलानं मान हलवली. डोळे पुसायला हात वर घेतला, पण हातात जड पिशवी होती. तेव्हा जुईनं ती पिशवी तिच्या हातातून काढून घेतली, खांद्याला लावली, आणि एसटी स्टँडच्या दिशेनं पुढे चालू लागली.